बावखलाभोवतीचं कुंपण

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ ही म्हण ज्याने काढली तो आग्नेस टीचरच्या हाती लागला असता, तर त्याची काही धडगत नव्हती. तिच्या मते ही म्हण काठावर बसून शेंगा खाणाऱ्या माणसाची. पाण्यात पडलेलं माणूस बुडतं. पोहता येतं ते कुणीतरी हनुवटीखाली हात धरून शिकवल्यावर. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली ही बाई भुईगावच्या रस्त्याने चालू लागली, की चाळिशीतले बाप्येसुद्धा पाठीचं पोक सोडून ताठ होत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिच्या वाडीत, केळींच्या मागे बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं खोलगट तळं. इकडच्या जुन्या वाड्या त्याच्याच जिवावर उभ्या. आग्नेसच्या घरच्या, म्हणजे तुस्कानोंच्या, तीन पिढ्या त्या बावखलात पोहायला शिकल्या आणि शिकल्या त्या केळीच्या खांबावर. घड उतरवला की केळ कापायचीच असते. तिचा खांब पाण्यात टाकला तर बुडत नाही. पोराने तो काखेत घ्यायचा, पाय मारायचे. थोड्या रविवारांनी तो कधी हातून सुटतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

गेल्या मे महिन्यात नायगावच्या टॉवरमधला कौस्तुभ नावाचा मुलगा खाडीत बुडाला. नववीची परीक्षा झाली म्हणून मित्रांबरोबर गेला होता. चेंडू पाण्यात गेला, तो आणायला उतरला आणि भरतीने ओढून नेला. आग्नेसचा त्या घराशी काही संबंध नव्हता. पण बातमी वाचल्यापासून तिला चैन पडेना. शेवटी ती एका संध्याकाळी त्या सोसायटीत जाऊन उभी राहिली आणि जमलेल्या आईबापांना म्हणाली, तुमची मुलं रविवारी माझ्याकडे पाठवा, मी त्यांना पोहायला शिकवते. फी नको. कुणी तिला वेडी म्हणालं, कुणी विचारलं की ट्रस्ट कुठला. पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी जो स्कूटरवरून आला तो कौस्तुभचा बाप, श्रीरंग. मागे त्याची दहा वर्षांची मुलगी पिंकी बसलेली.

श्रीरंग येई, मुलीला टीचरच्या हवाली करी आणि एका उपड्या टोपलीवर बावखलाकडे पाठ करून बसे. आत पिंकी पाय मारायची, ओरडायची, हसायची. तो समोरच्या केळींकडे बघत राहायचा. एकदाही त्याने मान वळवली नाही. आग्नेसनेही त्याला कधी काही विचारलं नाही. तिची जीभ तिखट होती, पण कुठे आवरायची ते तिला कळत होतं.

हळूहळू नायगावची पंधराएक मुलं येऊ लागली. याहून जास्त येणं शक्य नव्हतं, कारण ज्याच्या बापाकडे स्कूटर आणि बापाला रविवारी सुट्टी, तोच येणार. बाकीची मुलं नुसती नाव देऊन बसलेली. त्यांच्यासाठी बस हवी होती. आग्नेसचा भाचा जॉयल, जो किनाऱ्यावर जीवरक्षकाचं काम करायचा आणि रविवारी बावखलात छातीभर पाण्यात उभा राहून मुलांवर नजर ठेवायचा, त्याला कुठूनसं कळलं की हरितांगण नावाची एक संस्था मुलांना निसर्गात नेणाऱ्यांना अनुदान देते. त्यात बसचा खर्च बसतो. त्याने अर्ज लिहिला. अर्जात पक्षी होते, झाडं होती, माती होती, फुलपाखरं तर पानभर होती. पोहणं कुठेच नव्हतं, कारण उघड्या पाण्यातल्या उपक्रमाला अनुदान नाही असं त्यांच्या नियमांत पहिल्याच पानावर होतं. त्यांचा विमा ते धरत नाही म्हणे.

आग्नेस भडकली. पण बस म्हणजे नाव देऊन बसलेली सगळी मुलं. तिने कडू औषधासारखं ते गिळलं आणि गप्प बसली. गप्प बसलेली आग्नेस पाहून तिचा नवरा ऑगस्टीन म्हणाला, की हे काही ठीक लक्षण नाही.

नाताळ होऊन गेला आणि संस्थेच्या बाई पाहणीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी जॉयलने बावखलाभोवती बांबू ठोकून पिवळा दोर बांधला, लाल अक्षरांची पाटी रोवली, ‘धोका. पाण्याजवळ जाऊ नये.’ केळीचे खांब सुक्या पानांखाली लपवले. सकाळी मुलं आल्यावर आग्नेसने त्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, आज पाण्यात कुणी उतरायचं नाही आणि पोहण्याचं अक्षर तोंडातून काढायचं नाही. खोटं बोलणाऱ्या पोराला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणारी ही बाई, आणि त्या सकाळी तीच खोटं शिकवत होती. मुलांनी माना हलवल्या. पोरांना असली गुपितं आवडतात.

वसुंधरा मॅडम आल्या त्या वाईट बाई नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं. चिखलात चांगले बूट घालून आल्या आणि बुटांची पर्वा न करता सगळी वाडी फिरल्या. मुलांनी त्यांना खंड्या दाखवला, पाणकोंबडी दाखवली, ओलं शेत आणि कोरडं शेत वासावरून कसं ओळखायचं ते सांगितलं. आग्नेसच्या सुनेने, प्रिस्काने, केलेल्या वड्या त्यांनी मागून घेतल्या. बावखलापाशी येऊन त्यांनी दोर बघितला, पाटी बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. हेच आम्हाला हवं असतं, त्या म्हणाल्या. पाटीशेजारी मुलांना उभं करून फोटो काढले. मग म्हणाल्या, दोर काही टिकायचा नाही, संस्थेतर्फे आपण इथे पक्की लोखंडी जाळी करून घेऊ, वरपर्यंत, कुलपाचं दार लावून. बाकीच्या केंद्रांनाही दाखवता येईल.

जाळी. आग्नेसने बावखलाकडे बघितलं. बसच्या बदल्यात एक रविवार खोटं बोलायचं, एवढाच सौदा तिने मनाशी केला होता. आता बस येणार होती, आणि बसमधून उतरलेली मुलं जाळीबाहेरून पाणी बघणार होती. जॉयल तिला डोळ्यांनी खुणावत होता, की आत्ता हो म्हण, पुढचं पुढे बघू.

तेवढ्यात मॅडम पिंकीपुढे वाकल्या आणि त्यांनी प्रेमानेच विचारलं, “मग सांग बघू, पाण्याजवळ का जायचं नसतं?”

पिंकीने आधी टीचरकडे बघितलं. मग बापाच्या पाठीकडे. श्रीरंग नेहमीसारखा टोपलीवर बसला होता. टीचरने सांगितलंय तसंच बोलायचं, असं ठरवून ती पोर हळू आवाजात म्हणाली, “पाण्यात माणूस मरतं म्हणून.”

मॅडम शाब्बास म्हणाल्या. श्रीरंगची पाठ आणखी वाकली, जणू कुणी वरून ओझं ठेवलं.

आग्नेसला आयुष्यात पुष्कळदा राग आला होता, पण स्वतःचा एवढा कधी आला नव्हता. सहा महिने ती ह्या मुलीला सांगत होती की पाणी तुझं आहे, त्याला घाबरू नकोस, आणि एका सकाळीत तिनेच तिच्या तोंडी हे घातलं. तेही कुणासमोर, तर ह्या माणसासमोर. ती सरळ पाटीपाशी गेली, दोन्ही हातांनी ती हलवली आणि उपटून आडवी टाकली. जॉयलने डोळे मिटून घेतले.

“मॅडम, ही पाटी काल लावली,” ती म्हणाली. “दोरसुद्धा कालच. तुम्हाला दाखवायला. ही मुलं इथे पोहायला येतात आणि मी त्यांना शिकवते. फुलपाखरं आम्ही येता-जाता बघतो.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्या चिडल्या नाहीत, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या की आता मला खरं तेच लिहावं लागेल आणि अनुदान मिळणार नाही. तुम्ही पोहणं बंद करत असाल तर अजूनही बघता येईल. आग्नेस नाही म्हणाली. मॅडमनी पुन्हा विचारलं, आणि आग्नेस पुन्हा नाही म्हणाली, ह्या वेळी जरा मोठ्याने.

“टीचर, उद्या इथे एखादं मूल गेलं तर मी काय उत्तर देऊ?”

“एक गेलंय, मॅडम. जिथे गेलं तिथे पाटी होती. मी जाऊन बघून आलेय, अजून आहे. त्या मुलाला ती वाचता येत होती. पोहता येत नव्हतं.”

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. नायगावच्या आयाबापांनी श्रीरंगकडे बघितलं आणि पटकन नजरा वळवल्या. आग्नेसला वाटलं, आपली जीभ छाटून टाकावी. पण बोललेलं मागे घ्यायचं तिच्या मनात नव्हतं, कारण ते खरं होतं.

मग ती मॅडमना शांतपणे म्हणाली की तुमची बस तुमच्याकडे राहू दे. पालिकेची बस आहे, मी आहे. दर रविवारी नायगावला मी स्वतः जाईन आणि मुलांना घेऊन येईन, एका फेरीत नाही मावली तर दोन फेऱ्या करीन. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेचं काय, असं ऑगस्टीनने बिचकत विचारलं. शनिवारी संध्याकाळची मिस्सा देवाला चालते, ती म्हणाली, मी फादरना विचारून ठेवलंय. तिने विचारलं नव्हतं. पण आता विचारणार होती.

मॅडम गाडीकडे निघाल्या. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या, कारण श्रीरंग टोपलीवरून उठला होता.

तो वळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने त्या पाण्याकडे तोंड केलं. बावखलावर ऊन पडलं होतं, कडेला केळीच्या सावल्या होत्या, आणि तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने चष्मा काढून पिंकीच्या हातात दिला, फोन दिला, चपला काढल्या आणि शर्ट-पँटसकट तो दोराखालून वाकून काठावर आला.

“खांब कुठे ठेवलेत?” त्याने पिंकीला विचारलं.

पिंकीने पानं उसकटून तिचा स्वतःचा खांब ओढत आणला. ऑगस्टीनने एकदा त्या खांबाकडे बघितलं, एकदा श्रीरंगच्या पोटाकडे बघितलं आणि घरच्या बोलीत पुटपुटला, की एवढ्याने ह्याचं काही भागायचं नाही. त्याने कोयती काढली, बांबूवरचा पिवळा दोर कापला आणि त्याच दोराने दोन जाड खांब एकमेकांना आवळून बांधले. जॉयल आधीच पाण्यात जाऊन उभा राहिला होता.

श्रीरंग उतरला. पाणी गार होतं, त्याचे दात वाजत होते आणि त्याने खांब असे धरले होते की बोटं पांढरी पडली. आग्नेस साडी खोचून कमरेइतक्या पाण्यात गेली आणि तिने त्याच्या हनुवटीखाली हात धरला, दहा वर्षांच्या पोराच्या धरते तसाच. काठावरून पिंकी ओरडत होती, बाबा डोळे मिटू नका, टीचर रागावतात.

श्रीरंगने डोळे उघडे ठेवले. “टीचर,” तो फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, “कौस्तुभ किती रविवारांत शिकला असता?”

आग्नेसला खोटं बोलता आलं असतं. पण आज झालं तेवढं पुरे, असं तिने ठरवलं.

“चार,” ती म्हणाली. “आता पाय मारा.”

त्याने पाय मारले.