तारे न जन्मलेली टक्कर

वेधशाळेचे संचालक स्वतःच्या व्याख्यानांवर फार खूश असत. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की नव्या ताऱ्यांची नुसती आतषबाजी उडते, हे वाक्य ते वर्षानुवर्षं चष्मा काढून म्हणत आणि टाळ्यांसाठी थांबत. त्या एका वाक्यावर त्यांनी खुर्ची मिळवली होती आणि पुढं वाचन बंद केलं होतं.

त्यांची भाची त्यांच्याच हाताखाली संशोधन करायची. घरी मामा, वेधशाळेत सर. तिनं अशाच एका जोडीची निरीक्षणं घेतली. दोन्ही दीर्घिका म्हाताऱ्या, पिवळट. एकमेकींत पार घुसलेल्या, पण नव्या निळ्या ताऱ्यांचा मागमूस नाही.

"सर, इथं तारे जन्मतच नाहीयेत."

"मोजमाप चुकलं असेल तुझं."

"पुन्हा तपासलं. दोघींकडे थंड वायूच उरलेला नाही. तोच दाबला जाऊन तारे बनतात ना? मग नुसतं धडकून काय होणार?"

"निसर्ग तुला विचारून वागत नाही, बाळ."

तो तुमची व्याख्यानं ऐकायलाही येत नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं गिळलं.

पुढं एका परिषदेत दुसऱ्या गटानंही हेच दाखवलं. लगेचच्या व्याख्यानात संचालकांनी चष्मा काढला. "मी तर पहिल्यापासून सांगत आलोय, वायू नाही तर तारे नाहीत." टाळ्या पडल्या. मग ते भाचीच्या खोलीत आले.

"लेख पाठवून टाकू. पहिलं नाव माझं घाल, वजन येईल."

"आभारात घालते, सर. दुर्बीण तुम्हीच मिळवून दिलीत."

संचालकांनी थेट बहिणीला फोन लावला. बहिणीचा मुलीला आला.

"अगं, मामा आहे तुझा. घातलं नाव तर काय बिघडतं?"

"आई, त्या दीर्घिका आकाशात कुठं आहेत, एवढंच विचार त्याला."

आईनं खरंच विचारलं.

"असल्या बारीकसारीक गोष्टी मी बघत नाही, ताई."

लहानपणी घरातलं प्रत्येक काम भावानं याच वाक्यावर तिच्या गळ्यात मारलं होतं. "मग नाव तरी कशाला हवंय रे?" म्हणत तिनं फोन ठेवला.

लेख भाचीच्या एकटीच्या नावानं छापून आला. संचालक आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात त्याची प्रत ठेवतात आणि म्हणतात, "आमच्या घराण्यातच आहे हे."