वनमालाची सावकाश सकाळ

मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश करायचं आणि राजधानी भोपाळला न्यायची, असं ज्या वर्षी पक्कं झालं, त्या वर्षी साऱ्या ग्वाल्हेरात सगळ्यांत जास्त बोलणी कुणी खाल्ली असतील तर ती वनमाला मुजुमदारनं. तिचा त्यात काडीचाही दोष नव्हता. ती शहराच्या लष्कर भागातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर बसायची, एवढंच.

मोतीमहालातलं सचिवालय मुळासकट उपटून भोपाळला चाललं होतं. कुणाची बदली रद्द व्हायची होती, कुणाला तिकडे घर मिळत नव्हतं, कुणाची फाइल इंदूरला अडकली होती आणि साहेब रीव्याला. प्रत्येकाला फोन हवा होता आणि तो आत्ताच्या आत्ता हवा होता. भोपाळच्या लाइनी मोजक्या. त्या मिळाल्या नाहीत की समोरचा माणूस जो भडकायचा, तो वनमालाच्या कानातच भडकायचा. तिच्या डोक्याला हेडफोन, हातात फोन जोडायच्या दोऱ्या, समोर लुकलुकणारे दिवे. एक दोरी खुपसावी तर दुसरीकडे दोन दिवे पेटलेले.

घरी तरी काय वेगळं होतं? जनकगंजातल्या त्यांच्या घरात नळाला पाणी अंधारातच यायचं. डोळा उघडायचा तोच छातीत धडधड घेऊन. घागरी भरायच्या, शेगडी पेटवायची. सासऱ्यांना, म्हणजे तात्यासाहेबांना, पाचाच्या ठोक्याला चहा लागे. तात्यासाहेब दरबारच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर होते. संस्थान विलीन झालं, तेव्हा त्यांना पेन्शन देऊन घरी बसवलं. पण आजही ते पहाटे दाढी करून, कोट घालून, दरबारातून बोलावणं येणार असल्यासारखे खुर्चीत बसत. चहा उशिरा आला की बोलत काही नसत, घड्याळाकडे बघत. ते बघणं वनमालाला बोलण्याहून जास्त लागे. मग नवऱ्याचा, मधुसूदनचा डबा, नणंदेची, लीलाची कॉलेजची गडबड, आणि शेवटी पदराला हात पुसत, ओल्या केसांचा अंबाडा कसाबसा गुंडाळत स्वतःची पळापळ. लग्नाला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तिनं बसून गरम चहा प्यायला होता की नाही, हे तिला आठवत नव्हतं.

पावसाळा संपता संपता तिला घरीही फोनच्या घंट्या ऐकू यायला लागल्या. पोळी लाटताना मध्येच हात थांबायचा. एकदा दारावर भाजीवाला आला, "बहूजी, क्या दूँ?" म्हणाला. ती म्हणाली, "होल्ड कीजिए."

लीला खो खो हसली. "वहिनी, यह तो कमाल हो गया! आता दादाला पण असंच म्हणा."

वनमालालाही हसायचं होतं. पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. लीलाचं हसू जागच्या जागी विरलं.

त्याच आठवड्यात ते घडलं. दुपारची वेळ, बोर्ड भरलेला. एक साहेब भोपाळला बोलत होते, दुसरे इंदूरची वाट बघत ओरडत होते, तिसरे तिला नाव विचारून तक्रार करण्याची धमकी देत होते. वनमालानं दोन्ही हात पुढे केले आणि एकेक करून सगळ्या दोऱ्या उपसून काढल्या. शांतपणे, वाळत घातलेले कपडे काढावेत तशा. मग हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला. बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटले. तिला ते छान दिसले, एवढंच तिला नंतर आठवत होतं.

शेजारच्या मुलींनी तोंडावर हात ठेवले. सुपरवायझर विजयाबाई आपल्या टेबलावरून उठून आल्या. विजयाबाई फौजी घरातल्या. त्यांचे यजमान संस्थानच्या लष्करात होते, ते गेल्यावर बाईंनी ही नोकरी धरली होती. आवाज खणखणीत, चालणं ताठ. सगळ्यांना वाटलं, आता वनमालाची धडगत नाही. पण विजयाबाईंनी तिला खांद्याला धरून उठवलं, स्वतः तिच्या स्टुलावर बसल्या आणि एकेका साहेबाला सांगू लागल्या, "माफ कीजिए, गलती हमारी है, अभी जोड़ देते हैं." सगळे फोन पुन्हा जोडून झाल्यावरच त्या तिच्याकडे वळल्या.

"घरी जा. पंधरा दिवस इकडे फिरकायचं नाही."

"विजयाबाई, माझी नोकरी…"

"नोकरी आहे तिथंच आहे. तू कुठं आहेस ते आधी बघ."

त्या रजेच्या पहिल्या दिवशीही वनमाला अंधारातच दचकून उठली. घागरी भरल्या, शेगडी पेटवायला खाली वाकली आणि पायांतलं बळच गेलं. भोवळ नाही, दुखणं नाही, फक्त पाय म्हणाले, आता पुरे. ती तशीच मागच्या ओसरीच्या पायरीवर बसली. उठायचं तिनं दोनदा ठरवलं आणि दोनदा नाही उठली.

हळूहळू उजाडलं. किल्ल्याच्या भिंतीवरचा काळोख निवळला, दगडाचा रंग मधासारखा झाला. कुणाच्या तरी घरी ताक घुसळत होते. समोरच्या कौलावर पारव्यांचं जोडपं भांडत होतं. वनमाला ऐकत राहिली. किती तरी महिन्यांनी तिच्या कानांवर असे आवाज पडत होते, ज्यांना तिच्याकडून काही नको होतं. छातीतली धडधड कधी थांबली ते तिला कळलंसुद्धा नाही.

मागे काठीचा आवाज झाला. तात्यासाहेब. कोट, टोपी, सगळं जागच्या जागी.

"सूनबाई, चहा?"

"थोडा वेळ लागेल, तात्या."

"बरं नाही का?"

"बरं व्हायलाच बसलेय."

हे उत्तर आपल्या तोंडून कसं निघालं याचं तिलाच नवल वाटलं. तात्यासाहेब क्षणभर तिथंच घुटमळले. सुनेला उठवावं की कुणाला तरी हाक मारावी, त्यांना सुचेना. मग ते आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला, मग दुसरं पडल्याचा. वनमालाचे पाय सवयीनं उठायला लागले, पण तिनं पायरी घट्ट धरली.

बऱ्याच वेळानं तात्यासाहेब दोन कप घेऊन आले. कोटाच्या बाहीवर चहा सांडलेला. पायरीवर बसायचं त्यांना कधी माहीत नव्हतं, तरी गुडघे धरत बसले. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता. वनमालानं घोट घेतला.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

"गरम आहे," ती म्हणाली, आणि मग दोघंही हसले.

मग तात्यासाहेब किल्ल्याकडे बघत म्हणाले, "सूनबाई, संस्थान विलीन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठलो, दाढी केली, कोट घातला आणि दारापर्यंत गेलो. तिथं लक्षात आलं की जायला जागाच नाही. तेव्हापासून रोज तसाच तयार होतो. पाचाला चहा मिळाला की वाटतं, अजून काहीतरी आपल्या वेळेवर चालतंय." ते थांबले. "तुझी दमछाक होते हे दिसत नव्हतं असं नाही. पण ते मान्य केलं असतं, तर पुढे दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता."

इतकी वर्षं वनमालाला वाटायचं की म्हातारा घड्याळाकडे बघून आपल्याला जोखतो. तो बिचारा स्वतःलाच जोखत होता.

"उद्यापासून चहा तुम्हीच करा, तात्या," ती म्हणाली. "साखर मी सांगेन तेवढीच. आणि पाचाला नको. उजाडल्यावर."

"उजाडल्यावर," तात्यासाहेबांनी मान डोलावली. एखादा हुकूम घ्यावा तशी.

घरात याची चर्चा झालीच. मधुसूदनचा तर विश्वासच बसेना. वडिलांनी स्वतःच्या हातानं शेगडी पेटवली, हे तो ऑफिसात चार जणांना सांगून आला. शेजारणी म्हणाल्या, मुजुमदारांची सून बसून असते आणि सासरा चहा करतो, काय काळ आला आहे. वनमालानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. लीलानं घागरींचं काम आपल्याकडे घेतलं. "वहिनी, मैं कर लूँगी, तुम्ही बसा ना," असं म्हणत ती अर्धं पाणी अंगणात सांडायची, पण भरायची. कामं काही कमी झाली नव्हती. पोळ्या तेवढ्याच लाटायच्या होत्या. पण सकाळचा तो पहिला तुकडा, उजाडण्यापासून ऊन अंगणात उतरेपर्यंतचा, वनमालानं आपल्या नावावर करून घेतला. त्या वेळात ती चहा प्यायची, केस सोडून बसायची, कधी तुळशीला पाणी घालायची, कधी तेही नाही. नंतर जे काम हातात घेई, ते पूर्वीच्या निम्म्या वेळात होई. पूर्वी ती एकाच वेळी चार कामं मनात करत असे, आता एक हातात घेई आणि संपवी.

दसरा झाला आणि मधुसूदन सचिवालयातल्या आपल्या ऑफिसच्या तुकडीबरोबर भोपाळला गेला. त्याच सुमारास वनमाला कामावर परतली. बोर्डासमोर जाऊन ती आधी नुसती दिवे बघत उभी राहिली. मग स्टुलावर टेकली, एक मोठा श्वास घेतला आणि हेडफोन चढवला.

विजयाबाई म्हणाल्या, "पहिल्या तारखेला नवं राज्य सुरू होतंय. गर्दी उसळेल. पहाटेच्या पाळीला माणूस नाही. तू येतेस?"

पूर्वीची वनमाला "हो" म्हणून मोकळी झाली असती आणि मग रात्रभर जागी राहिली असती.

"पहाटेची नको, विजयाबाई. दहाला द्या, आणि भोपाळचा अख्खा बोर्ड एकटीला द्या. मी सांभाळते."

विजयाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकटीला?"

"एकटीला."

पहिली तारीख ऐन दिवाळीत आली. घरात फराळाचे डबे भरलेले, बाड्याच्या बाजारात दिव्यांची दुकानं, आणि एक्स्चेंजमध्ये रणकंदन. सगळ्या मध्य प्रदेशाला त्या दिवशी भोपाळशी बोलायचं होतं. वनमाला सकाळी ऊन अंगणात येईपर्यंत बसली होती, तात्यासाहेबांच्या हातचा नीट साखरेचा चहा पिऊन, करंजी खाऊन आली होती. तिचे हात बोर्डावर असे चालत होते, जणू ती रांगोळी काढत होती. कोण आधी आला, कोण नंतर, कुणाचं काम खरंच निकडीचं आहे, हे तिला आवाजावरून कळत होतं. आवाज पूर्वीही तेच होते. पण आता ते कानापाशी थांबत होते, आत घुसत नव्हते.

"मैडम," एक साहेब गरजले, "आप जानती हैं, मैं कौन बोल रहा हूँ?"

"जी, जानती हूँ. आपसे पहले दो लोग हैं. लाइन मिलते ही मैं ख़ुद घंटी दूँगी. तब तक आप चाय पी लीजिए."

मग साहेब चक्क म्हणाले, "अच्छा." त्यांचा नंबर आला तेव्हा तिनं शब्द पाळला, आणि ते "धन्यवाद" म्हणाले. मागे उभ्या विजयाबाईंनी हे सगळं ऐकलं. दुपारी त्या स्वतःच्या डब्यातली चकली तिच्या समोर ठेवून गेल्या, आणि पुढच्या महिन्यापासून पाळ्या लावण्याचं काम तिच्याकडे दिलं.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मधुसूदन आला. ओळखू येऊ नये असा. गालफडं बसलेली, डोळे लाल. धर्मशाळेत सहा जण एका खोलीत राहत होते. नव्या ऑफिसात कोण कुणाचा साहेब याचाच पत्ता नव्हता, जबलपूरकडचे एक सांगत आणि इंदूरकडचे दुसरं. पाडव्याला पहाटेच त्याला वनमालानं दचकून उठताना पाहिलं. तो अंधारात चपला शोधत होता.

"दुपारचीच गाडी पकडतो," तो म्हणाला. "भाऊबीजेला थांबलो तर उशीर होईल. साहेब…"

"अहो, बसा आधी."

"अगं, तुला कळत नाही…"

"मला कळतं. मी दोऱ्या उपसल्या होत्या. तुम्हाला उपसायला दोऱ्यासुद्धा नाहीत. बसा."

तो पाटावर बसला. तिनं कोमट तेल त्याच्या डोक्यावर घातलं आणि सावकाश चोळू लागली. आधी त्याचे खांदे दगडासारखे होते. तो भोपाळचं सांगत राहिला, मग वाक्यं तुटक झाली, मग तो गप्प झाला. अंघोळ झाली, तिनं ओवाळलं, तात्यासाहेबांनी चहा आणला. मधुसूदन चहा पिऊन भिंतीला टेकला आणि बसल्या जागीच झोपला. दुपारची गाडी निघून गेली. कुणी त्याला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी लीलानं भाऊबीज केली, आणि मग तो निघाला. स्टेशनवर मात्र पुन्हा त्याचा चेहरा उतरला. "सगळे तिथं पोचले असतील. मीच मागे."

दोन दिवसांनी दुपारी बोर्डावर भोपाळचा दिवा पेटला. "ग्वाल्हेरचं एक्स्चेंज ना?" आवाज मधुसूदनचा होता. त्यानं तीन मिनिटांचे पैसे भरून ट्रंक कॉल लावला होता.

"झालं काय? बरे आहात ना?"

"अगं, बरा आहे. ऐक तर. आमच्या ऑफिसची टेबलं-खुर्च्या अजून मालगाडीतच आहेत. ज्यांनी धावतपळत हजेरी लावली ते सगळे व्हरांड्यात उभे आहेत. मी आल्याचं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

वनमाला इतकी मोठ्यानं हसली की शेजारच्या मुली वळून बघायला लागल्या.

"मग तुम्ही काय करताय?"

"तलावाच्या काठानं सकाळी चालून आलो. उद्याही जाणार आहे. उन्हाळ्यात लीलाची परीक्षा झाली की तुम्ही तिघं या. मी घर बघून ठेवतो. तुझ्या बदलीचं विजयाबाईंना विचार."

"विचारते. तिकडेही चहा तुम्हीच करायचा, हे तात्यांना आधी सांगावं लागेल, नाहीतर ते यायचे नाहीत."

"वनमाला…"

"तीन मिनिटं झाली," ती म्हणाली, आणि हसतच दोरी काढली.