कोरी नऊ वर्षं

इस्पितळात नर्स हव्या होत्या. तीनशे अर्ज आले आणि नव्या एआय प्रणालीने ते चुटकीसरशी क्रमाने लावून दिले. नोकरभरती बघणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणत. यादी शेवटून वाचायची त्यांची जुनी खोड. तळाच्या अर्जात नर्सिंग शिकल्यानंतरची नऊ वर्षं कोरी होती. मावशींनी सरळ फोन लावला.

"इतकी वर्षं काय करत होतात?"

"घरीच होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या."

"पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या असतील ना?"

"एकही नाही हो! दर दोन तासांनी कूस बदलायचे मी त्यांची."

मावशी स्वतः वीस वर्षं वॉर्डात राबलेल्या. एकही जखम नाही म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या.

"यंत्राने हिला तळाला टाकलंय, साहेब. हिच्याइतका अनुभव वरच्या दहांतही नसेल."

आज नव्या नर्सना रुग्णाची कूस बदलायला तीच बाई शिकवते. अर्जातही एक प्रश्न वाढलाय: घरी कुणाची शुश्रूषा केलीत? आणि मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतात, "ही माझी निवड बरं का!"