शालिग्रामभाऊंना हवा होता तो शब्द

जळगावच्या कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायला लागल्यापासून माझ्याकडे फक्त फसलेली माणसं आली. फसवणारा एकही आला नाही. ते लोक कुठे टाइप करून घेतात, कोण जाणे.

शालिग्रामभाऊ आले ते आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, होऊन गेल्यावर. रावेरकडचे केळीवाले. मागे त्यांची मुलगी बेबा; हिवाळ्यात लग्न झालेली, आखाजीला माहेरी आलेली आणि अजून सासरी न धाडलेली. ऊन असं होतं, की टाइपरायटरला हात लावायच्या आधी मी त्यावरून ओला रुमाल फिरवत असे.

"नाना, भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या मोठ्या साहेबाले इंग्रजीत अर्ज करा," भाऊ म्हणाले. "जावयानं फसवलं आम्हाले. इंजिनीअर सांगतला, निघाला कँटीनचा आचारी. त्याची नोकरी गेली पाहिजे. पोरगी तं मी धाडतच नाही."

"कळलं कसं?"

"आखाजीले हिले आणाले गेलो. गेटवर इंजिनीअरसाहेब म्हणून नाव सांगतलं, तं शिपायानं कँटीन दाखवलं. आत हा बट्ट्या तळू राह्यला होता."

"मग?"

"मग काय. जेवलो."

"कसं होतं?"

भाऊंनी गमछ्यानं तोंड पुसलं. "अर्जात ते नका लिहू."

मी कागद चढवला, डिक्शनरी उघडली आणि विचारलं, की फसवण्याला इंग्रजीत बरेच शब्द आहेत, कोणता घालू? असं गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं. पण उन्हानं माझं डोकं चालत नव्हतं.

"चीट?"

"ते तं पोरं पत्ते खेळताना म्हणतात. वजनदार पाहिजे."

"डुप. भोळ्या माणसाला गंडवणं."

"म्हणजे मी बावळट."

"डिसीव्ह."

"त्याच्यात राग नाही वाटत."

"आउटविट. डोक्यानं मात करणं."

"अन् तो हुशार? काढा ते."

"हूडविंक. डोळ्यांवर पट्टी बांधणं."

हा शब्द भाऊंनी तोंडात घोळवून पाहिला. "हा घ्या. साहेब दचकला पाहिजे."

"तुम्ही मुलाकडच्यांना काय सांगितलं होतं? साहेब विचारतील."

"मुलगी मॅट्रिक."

"आहे ना?"

"इंग्रजीत राह्यली. पण ते येगळं."

मी टाइप केलं आणि कागद काढून पुढे ठेवला. सही बेबाची लागणार होती. तिनं पेन घेतलं, कागदावर नजर फिरवली आणि इंग्रजीत राहिल्याचा पुरावा लगेच दिला.

"यात काय लिहेल आहे, नाना?"

"लग्न जमवताना तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, असं."

"माह्या नव्हती."

भाऊंनी मान वळवली. बेबा कागदाकडेच बघून बोलत होती.

"पाहाले आले तव्हा पोहे मी केले होते. सारे छान छान म्हणत होते. यायनं एक घास खाल्ला अन् हळूच म्हणे, मोहरी अजून थोडी तडतडू द्यायची होती. बशी धरली तं यायच्या मनगटावर तेलाचे चटके. तसे माह्याही हातावर आहेत. मले तव्हाच समजलं."

"अन् पोहे?" मी विचारलं.

"सारे खाल्ले."

"मग तव्हा बोलली कावून नाही?" भाऊ म्हणाले.

"तुम्ही गावभर इंजिनीअर सांगत फिरत होते, आबा. माहं कोण ऐकत होतं? अन् मले आवडले होते ते."

तिनं पेनला टोपण लावून ते माझ्यापुढे ठेवलं. भाऊंच्या आवाजातला जोर गेला होता.

"नाना, पोरीनं बापाले असं केलं, तं त्याले काय शब्द आहे?"

तो शब्द मघाशीच येऊन गेला होता, भाऊंनीच काढायला लावलेला. मी डिक्शनरी मिटली. "शोधावा लागेल," म्हणालो.

"मी जाऊ का, आबा? भुसावळची गाडी आहे आता."

"एकटी कायले जाशील," भाऊ पिशवी उचलत म्हणाले. "मी येतो."

दोघं स्टेशनकडे निघाले. भाऊंनी तिला काहीतरी विचारलं. "आज शेवभाजी असते," एवढं तिचं उत्तर मला ऐकू आलं. भाऊ भराभर चालायला लागले.

मी तो कागद घेतला, उलटा केला आणि परत चढवला. पुढचा माणूस स्टुलावर येऊन बसलाच होता. फसलेला.