पाठ टेकायची खुर्ची

शेजारच्या बोटीतून बायकोचं हसणं ऐकू आलं आणि पंपवाल्याच्या हातातला पाना निसटला. सकाळपासूनचं हे तिसरं हसणं.

जन्मभर लोकांचे पंप दुरुस्त करून निवृत्त झाल्यावर त्याने ही शिडाची बोट स्वतःच्या हाताने राहण्याजोगी केली होती. नियम एकच, प्रत्येक वस्तूने दोन कामं करायची. बाक म्हणजे पाण्याच्या टाकीचं झाकण, जेवायचं टेबल म्हणजेच झोपायची फळी. शेजारी दातांच्या डॉक्टरांच्या बोटीत मात्र गुबगुबीत सोफा होता, आणि तो नुसता सोफाच होता. ‘वारा सुटला की ती बोट म्हशीसारखी डुंबते’ असं सांगून याने अख्ख्या धक्क्याला हसवलं होतं. आता त्याच बोटीत बायको हसत होती.

ती परतली तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"झाल्या गप्पा डॉक्टरांशी?"

"ते दवाखान्यात आहेत. मी त्यांच्या बायकोपाशी बसले होते, तासभर पाठ टेकून. अहो, तुम्ही जळताय कोणावर? सोफ्यावर?"

तो ओशाळला. जळत होता खरा, आणि सोफ्यावरच.

ती बाकावर बसली. त्याला पाणी हवं होतं, म्हणून लगेच उठली.

"सहा वर्षांत मी बसले कमी आणि उठले जास्त," ती म्हणाली. "शनिवारी ताईकडे जाते."

"परत कधी?"

"पाठीला विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर कपडे धुवायला गेली, तेव्हा त्याने हत्यारांचा ओटा उखडला. तिचं स्वेटर त्यातल्याच फळीवर पसरून पाठीचं माप घेतलं. बोट सर्वांत कमी डुलते ती मधली जागा, नेमकी बोटीत शिरलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या झाकणावरची. पंपाची वाट अडवू नका, असं लोकांना बजावत ज्याचा जन्म गेला, त्याने तिथेच खुर्ची बोल्ट मारून पक्की केली.

शनिवारी बॅग खाली ठेवून ती खुर्चीत बसली. पाठ टेकली. डोळे मिटले.

"पंप बिघडला तर?"

"कडेनं हात जातो."

"आणि ही खुर्ची दुसरं काय काम करते?"

"काही नाही. नुसती खुर्ची आहे."

ती बराच वेळ उठली नाही. त्याला वाटलं, जमलं. मग ती उठली, अंगातलं स्वेटर काढून खुर्चीवर ठेवलं आणि बॅग उचलली.

"ताई वाट बघत असेल," ती म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टर चौकशीला आले.

"अरे वा! खुर्ची केलीत?" ते बसायला वाकले.

"तिथे नको, डॉक्टर. जागा धरलेली आहे."

डॉक्टर निमूटपणे बाकावर बसले. मग चहाला पाणी काढायचं म्हणून पंपवाल्याने त्यांना उठवलं.