कोपरापर्यंतची रोटी

भैय्यालाल केटरर पवनीहून आसगावात यायचा तो काही घेऊन जायला; द्यायला आला असं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणूनच चैत्र सरता सरता त्याने शकुनबाईच्या अंगणात तीन कोरी मडकी उतरवली तेव्हा तिला आनंद होण्याऐवजी संशय आला. तिने एक मडकं उचललं, फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"हे तं लहान आहे," ती म्हणाली.

"लहानच आहे," भैय्यालाल हसला. "मुद्दाम कुंभाराले सांगून बनवलं."

शकुनबाई लंबी रोटी करायची. सैल मळलेलं गव्हाचं पीठ दोन्ही हातांवर झेलत झेलत थेट कोपरापर्यंत वाढवायचं आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचं, हे काम ती बत्तीस वर्षं करत होती. पलीकडच्या गल्लीतल्या कुंताबाई आणि रत्नाबाईही करायच्या. लग्नसराईत भैय्यालाल तिघींना बोलवायचा. पीठ, तेल, लाकूड, मडकं सगळं बायकांचं. रोटीमागे पंधरा रुपये त्याचे. वैशाखातल्या या कमाईवर शकुनबाईच्या घरची आषाढातली धानाच्या रोवणीची मजुरी निघायची. ती निघाली नाही तर बांधीत चिखल तयार आणि रोवायला हात नाहीत, अशी गत.

पंधराचा भाव पाच वर्षांपूर्वी ठरला होता. तेव्हाचा गहू आज त्या भावात कोंबड्यांनाही मिळत नाही. तेलाच्या पिशवीचं तर नाव काढलं तरी शकुनबाईच्या कपाळाला आठ्या पडायच्या. लाकूड जंगलातून आणावं तर गार्डची भीती, विकत घ्यावं तर वखारवाल्याची. यंदा अठरा तरी द्या, असं तिने महिन्याभरापूर्वीच भैय्यालालला सांगितलं होतं, आणि त्याचं उत्तर म्हणून ही मडकी आली होती.

"भाव तोच ठेवू, माप कमी करू," तो समजावू लागला. "तुमचं पीठ वाचते, मले बी परवडते. लोकायले समजत बी नाही. बिस्किटचा पुडा लहान झाला, कोणी बोललं? साबणाची वडी झिजूनच दुकानात येते, कोणी बोललं?"

"मी बोलली होती," शकुनबाई म्हणाली. "दुकानदार म्हणे, कंपनीले सांगा."

पण रोवणी डोळ्यांपुढे होती. बरं, पाहू, असं म्हणून तिने मडकी ठेवून घेतली. पोट माणसाला काय काय मान्य करायला लावतं, त्याचा हिशेब देवानेही ठेवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने लहान मडकं चुलीवर चढवलं. पिठाचा गोळा घेतला, हातावर झेलला आणि तो वाढवत वाढवत नेहमीसारखा कोपरापर्यंत आणला. मडक्यावर सोडला तर कडा चारी बाजूंनी खाली लोंबल्या आणि जाळात जाऊन करपल्या. सून रिता बाजूला भाजी चिरत बसली होती, ती खुदकन हसली. शकुनबाईने दुसरा गोळा घेतला. मनाशी म्हणाली, अर्ध्या हातावर थांबायचं. हात काही थांबले नाहीत. तिसऱ्यांदा तिने डोळे वटारून आपल्याच हातांकडे पाहिलं, तरी तेच. चौथी रोटी जळाली तेव्हा तिला रागच आला, पण हातांचा नव्हे.

"रिते, हे हात बेइमानी शिकायच्या वयाचे नाही राहिले," ती म्हणाली. "जाय, गेरू आण."

"कायले, आई?"

"भिंतीवर लिवाचं आहे."

रिता बारावी शिकलेली, अक्षर सुरेख. तिने रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: लंबी रोटी, २५ रुपये. माप कोपरापर्यंत. लहान मिळणार नाही. अठरावरून पंचवीस कसे झाले, असं रिताने विचारलं तेव्हा सासूने सांगितलं, "अठरा मी भीत भीत मांगले होते. खरा भाव पंचवीसच आहे."

संध्याकाळी नवरा वासुदेवराव शेतावरून आला आणि भिंत वाचून बाहेरच उभा राहिला.

"दुकान आहे का आपलं? लोक हसून राहिले ना!"

"हसू द्या जी. हसाले पैसे लागत नाहीत, तेवढीच एक गोष्ट स्वस्त राहिली."

लोक खरंच हसले. भैय्यालाल मात्र हसला नाही. तो आला, भिंत वाचली, आपली तीन मडकी उचलून टेम्पोत ठेवली आणि तिथून सरळ कुंताबाईच्या दारी गेला. वैशाखातली पहिली दोन लग्नं तिला आणि रत्नाबाईला मिळाली. शकुनबाईकडे कुणी फिरकलं नाही. हातपंपावर कुंताबाई तिला पाहून घागर अर्धी भरूनच निघून जाऊ लागली. शकुनबाई घरी आल्यावर रिताला सांगायची, मला काही वाटत नाही. वाटत होतं. फार वाटत होतं. भाव मागितला तर आपण मातलो, आणि पोटापुरतंही मिळेना तरी गप्प बसलो तर आपण गुणाच्या, हा कुठला न्याय, असं तिच्या मनात येऊन तिचा हातातला घास थांबायचा. पण भिंत तिने पुसली नाही.

तिसरं लग्न गावातल्याच केशवरावांच्या मुलीचं. ते शेजारी, म्हणून शकुनबाईला आमंत्रण होतंच. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि रिताला घेऊन पाहुणी म्हणून पंगतीला बसली. बत्तीस वर्षांत लग्नाची पंगत तिने चुलीमागूनच पाहिली होती. पान मांडलं गेलं, वांगं-आलूची भाजी आली, वरण आलं आणि मग रोटी आली. चौघडी घातलेली, तळहाताएवढी.

शेजारच्या निर्मलाबाईने ती दोन घासांत संपवली आणि "आन वो रोटी!" म्हणून ओरडली. मग तिच्या पलीकडचीही ओरडली. नवरदेवाकडचे लोक लाखांदूरचे, धानाची पोती उचलणारे. त्यांनी तीन-तीन मागितल्या. मडकं कितीही लहान करा, माणसाचं पोट कुंभाराकडे बनत नाही. अर्ध्या पंगतीत पानं भाजीने भरलेली आणि रोटीने रिकामी राहिली. वाढपी मांडवामागे धावायचे आणि हात हलवत परत यायचे. नवरदेवाचा मामा मोठ्याने म्हणाला, "आमच्याकडे कुत्र्याले याहून मोठी टाकतात."

केशवरावांचं तोंड उतरलं. ते पंगतीतून वाट काढत शकुनबाईसमोर आले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"वहिनी, पोरीच्या लग्नात लाज जाऊन राहिली."

तिला एक क्षण बसून राहावंसं वाटलं. भोगा म्हणावं, असंही वाटलं. मग तिने पाहिलं तर मांडवातली नवरी मान उंच करून पंगतीकडेच पाहत होती, घाबरलेली. शकुनबाई उठली.

मांडवामागे कुंताबाई आणि रत्नाबाई घामाने निथळत होत्या. दोन लहान मडकी, दोन चुली, आणि पुढ्यात संपत आलेलं पीठ. भैय्यालाल त्यांच्यावर खेकसत होता. शकुनबाईला पाहून तो एकदम गोड झाला.

"या, या! देवासारख्या आल्या. करता का दोनशे?"

"करतो. रिता घरून माही मोठी मडकी अन् पीठ आणते. पंचवीसनं."

"आजच्या दिवस देतो पंचवीस," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तुमालेच. या दोघीयले सांगू नका."

त्या दोघी दोन हातांवर होत्या. सगळं ऐकू आलं होतं.

"मंग मी चालली जेवाले," शकुनबाई म्हणाली. "द्याचे तं तिघीयले. आन् आजच्या दिवस नाही, पुरी लग्नसराई."

"तुमी अडवून राहिल्या मले! पाहुणे बसले आहेत बाहेर!"

"मी भाव सांगून राहिली. तुमी पाच सालात ताट एकशेवीसवरून एकशेनव्वदवर नेलं, तेव्हा आमी म्हणलं का अडवलं म्हणून? केशवराव, नेलं ना जी?"

केशवराव मागेच उभे होते. त्यांनी मान हलवली आणि भैय्यालालकडे असं पाहिलं, की तो पाण्याचा ड्रम शोधू लागला.

"ताट वाढलं तं महागाई," शकुनबाई म्हणाली. "रोटी वाढली तं आमी मातल्या. असं कसं भाऊ? आमाले बी गहू त्याच बजारात भेटते."

"कुंताबाईले चालते पंधरामधी," भैय्यालाल म्हणाला. "विचारा तिले."

सगळे कुंताबाईकडे पाहू लागले. तिच्या हातावर अर्धा वाढलेला गोळा होता. तिने तो पुन्हा परातीत टाकला, हात पदराला पुसले आणि चुलीपासून दोन पावलं मागे सरकून बसली. तिचं पाहून रत्नाबाईनेही आपल्या चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. बाहेर कुणीतरी ताट वाजवू लागलं होतं.

"पंचवीस," भैय्यालाल म्हणाला. "तिघीयले. पुरी लग्नसराई."

"केशवराव, तुमी ऐकलं," शकुनबाईने पक्कं करून घेतलं आणि रिताला हाक मारली.

मडकी येऊन तापेपर्यंत कुंताबाईला चांगलाच धीर चढला. एकदा तोंड उघडलं की मिटत नाही, तसं तिचं झालं. कमरेवर हात ठेवून ती भैय्यालालला म्हणाली, "आन् सकाळपासून केल्या त्या साडेतीनशे? त्याबी पंचवीसनंच लावाच्या!"

भैय्यालालचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण तो काही बोलायच्या आधीच शकुनबाईने कुंताबाईचा दंड धरला.

"नाही, कुंते. त्या लहान होत्या. त्यायचे पंधराबी जास्तच झाले."

"तू कोणाकडून आहे वो?" कुंताबाई उखडली.

"रोटीकडून," शकुनबाई म्हणाली. तिने ठेवणीतल्या लुगड्याचा पदर खोचला आणि परात पुढे ओढली.

कुंताबाई पुटपुटत शेजारी बसली आणि तिने पिठाचा गोळा हातावर घेतला. तो मनगटाच्या वर आल्यावर ती सवयीने थांबली, शकुनबाईकडे एकदा पाहिलं आणि तो कोपरापर्यंत नेला.