तिसरं वर्ष

आमच्या इलाला आर्किटेक्चर शिकायचंय, आणि तिने मनात धरलेल्या कॉलेजने शाळेतल्या परदेशी भाषेबद्दल लिहिलंय: दोन वर्षं आवश्यक, तीन असल्यास उत्तम. इलाने दोन वर्षं स्पॅनिश केलं आणि कोडिंगसाठी सोडलं. सोडायला आम्हीच सांगितलं होतं. आता 'असल्यास उत्तम' म्हणजे नक्की काय, यावर अमेरिकेत, चँडलरच्या आमच्या घरात तीन दिवस खल चालला होता.

"रेकमेंडेड म्हणजे कंपल्सरीच समज, विनीता," माझा नवरा श्रीरंग म्हणाला. शेजारचे मोरेश्वर म्हणाले, चार वर्षं हवीत. त्यांची बायको म्हणाली, आठवीतलंही धरतात म्हणे. माझं डोकं गरगरायला लागलं. शेवटी इलाला घेऊन शाळेच्या काउन्सेलरबाईंकडे गेले.

बाई हसतमुख होत्या. म्हणाल्या, घरी दुसरी भाषा बोलत असाल, तर तिची परीक्षा देऊन वर्ष भरून काढता येईल. यादीत मराठी होती! मी उड्या मारायचीच बाकी होते.

मग त्यांनी इलाची जुनी फाइल उघडली. "पण इथे तर होम लँग्वेज इंग्लिश आहे," त्या गोंधळून इंग्रजीत म्हणाल्या.

शाळाप्रवेशाच्या त्या फॉर्मवरचं अक्षर माझंच होतं. इला पाच वर्षांची असताना सगळ्यांनी मला बजावलं होतं, मराठी लिहिलंस तर पोरीला इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात बसवतील. मी ठसठशीत 'इंग्लिश' लिहिलं. आणि लिहिलेलं खोटं ठरू नये म्हणून घरीही इलाशी तेच बोलायला लागलो.

"फॉर्म चुकलाय, शी स्पीक्स मराठी!" मी ठणकावलं आणि इलाकडे वळले. "सांग गं यांना मराठीत, तुला काय शिकायचंय आणि का."

प्रश्न तिला कळला होता. तिने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिचे कान लाल झाले. मला कधी नव्हे ती स्वतःची लाज वाटली.

"आई, मला येत नाही," ती मराठीतच म्हणाली.

काउन्सेलरबाईंचा चेहरा खुलला. "वंडरफुल! काय म्हणाली ती?" त्यांनी पेन उचलून मला विचारलं.

आता तोंड उघडायची पाळी माझी होती, आणि मला ते उघडवेना.